गोव्यात पक्ष्यांचे फोटो सॉफ्ट येतात? लेन्स बदलायच्या आधी हे बघा

नोव्हेंबर लागला, पाहुणे पक्षी यायला लागले की हा प्रश्न ठरलेला. दीडशे ते सहाशे एमएमची झूम लेन्स घेतली, एवढे पैसे घातले, पहाटे उठून चोडणला नाहीतर तांबडी सुर्लाला गेलो, पक्षी पण मस्त मिळाले, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो एकदम झकास दिसत होते आणि घरी लॅपटॉपवर उघडले तर सगळे सॉफ्ट. पिसं सुटी दिसत नाहीत, डोळ्यात चमक नाही, सगळं कसं पुसल्यासारखं. मग पुढचा प्रश्न येतोच, लेन्स खराब निघाली का, सर्व्हिसला देऊ का, की आता फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेराच घेऊन टाकू?

थांबा. एवढ्यात काही घेऊ नका. आपल्याकडे असे फोटो येण्यामागे बहुतेक वेळा हवेतली ओल, झाडीतला कमी उजेड आणि पक्ष्याचं अंतर ही तीन कारणं असतात, लेन्सचा नंबर फार शेवटी लागतो. आणि बरं म्हणजे यातलं नेमकं कुठलं कारण ते बिघडलेल्या फोटोतच दिसतं, त्यामुळे वाईट फोटो लगेच डिलीट करू नका, आधी ते वाचायला शिका.

फोटो शंभर टक्के झूम करून उघडा आणि पक्षी ज्या फांदीवर बसलाय ती फांदी बघा. पक्षी धूसर पण त्याच्या मागची डहाळी किंवा पुढचं पान कडक शार्प असेल तर फोकस चुकलाय, बाकी सगळं ठीक आहे. फांदी शार्प, पक्ष्याचे पाय शार्प आणि फक्त डोकं नाहीतर शेपटी फराटलीय तर पक्षी हललाय, शटरचा वेग कमी पडला. पक्षी, फांदी, पान सगळंच एकाच दिशेला ओढल्यासारखं, पानावरच्या चमकत्या थेंबांच्या छोट्या रेघा झाल्यायत, तर तुमचा हात हललाय. सगळ्या फोटोवर दुधाळ पडदा, काळा रंग काळा दिसतच नाही, तर काचेवर वाफ आहे किंवा बुरशी. आणि कडा वेड्यावाकड्या, दुहेरी, एकामागोमाग काढलेल्या दहा फोटोंत पक्ष्याचा आकार प्रत्येक वेळी थोडा वेगळा, तर ती तापलेली हवा आहे. हे एकदा ओळखता आलं की अर्धं काम झालं, कारण यातल्या प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे आणि चुकीचा उपाय केला तर काहीच फरक पडत नाही. हवा तापलीय आणि तुम्ही शटर वाढवताय, ते वाढवून उपयोग शून्य.

आता वाफेचं आधी सांगतो कारण ते आपल्याकडे फार होतं आणि पुस्तकं, यूट्यूबवाले याबद्दल विशेष बोलत नाहीत, त्यांच्याकडे एवढी दमट हवा नसते. रात्री कॅमेऱ्याची बॅग एसीच्या खोलीत राहते, खोली बावीस डिग्रीला, पहाटे तुम्ही बाहेर पडता, जून-जुलैत बाहेरची हवा इतकी ओली असते की चोवीस-पंचवीस डिग्रीच्या खाली असलेल्या कुठल्याही वस्तूवर तिचं पाणी होतं. बावीस डिग्रीची काच बाहेर आली की लगेच घामेजते. मे ते ऑक्टोबर हे रोजचं आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाट थंड असते त्यामुळे घरच्या एसीने तितका त्रास होत नाही, पण गाडीत एसीचा झोत थेट बॅगेवर येत असेल तर तेव्हाही होतं. पणजीहून मोलेंपर्यंत एसी लावून गेलात, उतरल्याबरोबर समोर धनेश दिसला, कॅमेरा काढला, संपलं.

बाहेरची काच पुसून आतली वाफ जात नाही हे लक्षात घ्या. झूम लेन्स लांब केली की ती बाहेरची हवा आत ओढते, आतल्या काचा गार असतील तर ओल तिकडे धरते आणि तिथे तुमचं मायक्रोफायबर पोचत नाही. सारखं झूम आत-बाहेर करत बसलात तर आणखी ओली हवा आत जाते. म्हणून असं झालं तर कॅमेरा बंद करा, झूम आखूड ठेवा, लेन्स काढू नका (सेन्सरवर पण धरेल) आणि सावलीत वाट बघा, अर्धा-पाऊण तास जातो. त्यापेक्षा सोपं म्हणजे आदल्या रात्रीच बॅग एसी नसलेल्या खोलीत ठेवा. ते जमत नसेल तर एसीतच कॅमेरा झिपच्या जाड प्लास्टिक पिशवीत बंद करा, पिशवीतली हवा दाबून काढा आणि बाहेर आल्यावर पिशवी उघडायची घाई करू नका, पाणी पिशवीवर धरेल, लेन्स हळूहळू बाहेरच्या तापमानाला येईल. गाडीत शेवटचे वीस-पंचवीस मिनिटं एसी बंद, काचा खाली. घरातले कुरकुरतील, पण त्याला इलाज नाही.

बुरशी हा याचाच मोठा भाऊ. पावसात आपल्याकडे हवेत ऐंशी-नव्वद टक्के आर्द्रता असते आणि साठ-पासष्टच्या वर बुरशी आरामात वाढते. कॅमेरा चतुर्थीपर्यंत बॅगेत तसाच पडून राहिला तर काचेवर कोळिष्टकासारखे धागे दिसायला लागतात. तपासायचं असेल तर लेन्सच्या मागून मोबाईलचा टॉर्च तिरका मारा आणि पुढून बघा. थोडी बुरशी असेल तर साध्या उजेडात फोटोत फरक कळत पण नाही, पण पक्ष्याच्या मागून ऊन येत असेल तर सगळं फिकट, धुरकट होतं. मेमध्येच ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट) घ्या, आत आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्के ठेवा, तीसच्या खाली नको, रबर आणि वंगण सुकतं. एवढा खर्च नको असेल तर रबरवाला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, ओल शोषणारं सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र), हे पण छान चालतं, फक्त जेलचा रंग बदलला की ते गरम करून परत सुकवायचं. डब्यात तांदूळ घालू नका, त्याची भुकटी सगळीकडे शिरते. आणि ती कापडी बॅग म्हणजे ओलीचं घरच, तिच्यात कॅमेरा कायमचा ठेवायचा नाही.

आता उजेड. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

करमळीच्या तळ्यावर स्वच्छ ऊन पडलंय, कमळपक्षी पानांवरून चालतोय, तुमची लेन्स एफ ६.३ ला आहे (हे अपर्चर, लेन्सचं भोक किती उघडं ते), आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) ४०० ठेवला तरी शटर १/३००० सेकंदाच्या आसपास मिळतं. हीच लेन्स, हाच आयएसओ घेऊन मोलेंच्या नाहीतर खोतीगावच्या दाट झाडीत जा, तिथे खाली जमिनीजवळ शटर १/२५ वर येतं. शंभर पटीहून जास्त फरक! आपल्या डोळ्याला तो एवढा जाणवत नाही कारण बाहुली मोठी होते, मेंदू जुळवून घेतो, आणि आपल्याला वाटतं उजेड तर चांगला आहे की. १/२५ ला पाचशे एमएम हातात धरून कोणाचाही फोटो शार्प येणार नाही, कितीही महागडी लेन्स असू दे. हात हलू नये म्हणून ढोबळ नियम असा की जेवढे एमएम तेवढा शटरचा आकडा, आणि क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमहून लहान) असेल तर त्याला दीडने गुणायचं, म्हणजे चारशे एमएमला १/६०० तरी हवं. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन यात मदत करतं, पण ते फक्त तुमच्या हाताचं हलणं सांभाळतं, शिंजीर मान वळवतो ते थांबवत नाही. बसलेल्या छोट्या पक्ष्याला १/५०० च्या खाली मी जात नाही, उडणाऱ्याला १/२००० आणि खंड्या पाण्यात झेपावत असेल तर १/३२०० पण कमी वाटतं.

मग आयएसओ वाढवा ना. खरंच वाढवा, घाबरू नका, लोक अजून आयएसओ ८०० च्या वर जायला कचरतात आणि मग हललेले फोटो घेऊन येतात. ३२००, ६४०० ला दाणे येतील, येऊ देत, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढलं असेल तर आताची डीनॉइज सॉफ्टवेअर दाणे बऱ्यापैकी काढतात, पण हललेला फोटो कुठलंच सॉफ्टवेअर परत नीट करू शकत नाही. कॅमेरा एम (मॅन्युअल) मोडवर ठेवा, शटर आणि अपर्चर तुम्ही ठरवा, आयएसओ ऑटो करून वरची मर्यादा ६४०० घाला आणि एक्सपोजर कॉम्पेन्सेशनवर (फोटो उजळ-गडद करायच्या बटणावर) बोट ठेवा. आकाशासमोर बसलेला पक्षी काळा येतो तिथे एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) वाढवा, खारफुटीच्या काळोखासमोर पांढरा बगळा असेल तर एक स्टॉप कमी करा. बगळ्याची पिसं दिसत नाहीत म्हणून पण लोक लेन्सला सॉफ्ट म्हणतात, खरं तर तिथे पांढरं जळून गेलेलं असतं, हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) बघा, उजवीकडे चिकटलेला दिसेल.

पण खरा उपाय जागा बदलणं हा आहे. दाट झाडीत आत आत शिरायचा मोह सोडा. तांबडी सुर्लाला पक्षी सगळ्यात चांगले मिळतात ते देवळाच्या आवाराच्या कडेला, जिथे मोकळं आकाश आणि जंगलाची भिंत एकमेकांना भेटतात, तिथे उजेड झाडाच्या अंगावर समोरून पडतो. आपला राज्यपक्षी, तो पिवळाधमक, काळ्या डोक्याचा आणि लालभडक गळ्याचा बुलबुल, तिथे कडेच्या झाडांवर फळं खायला येतो. घाटाच्या पायथ्याशी ऊन उशिरा पोचतं म्हणून तिथे उजाडल्या उजाडल्या जाऊन अंधारात धडपडण्यापेक्षा आठच्या पुढचे दोन तास धरा. जानेवारी-फेब्रुवारीत सावर फुलते, मग पांगारा, तेव्हा पानं झडलेली असतात आणि मधासाठी मैना, कोतवाल, हरेवा, शिंजीर सगळे एकाच झाडावर येतात, असं एक फुललेलं झाड रस्त्याकडेला शोधा, ऊन पाठीशी घेऊन शांत उभे राहा, सकाळभर तिथेच. सत्तरीत, फोंड्याकडे कुळागरं (सुपारी-नारळाच्या बागा) आहेत, मालकाला विचारून व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेला बसायला मिळालं तर याहून चांगली जागा नाही, पक्षी पाण्यावर येतातच. उंबर, वड पिकला असेल तर तिथे धनेश येणारच, फक्त खालून वर बघून आकाशासमोर फोटो काढू नका, चढावर उभं राहून फांदीच्या पातळीवर येता आलं तर बघा.

पावसात तिबोटी खंड्याच्या मागे सगळे लागतात, आणि पावसाळी झाडीतला उजेड आणखी कमी. तो तेव्हा मातीच्या उभ्या कडेत बीळ करून पिल्लं वाढवत असतो. चोचीत सरडा नाहीतर बेडूक धरून तो फांदीवर ताटकळत बसलाय आणि बिळात जात नाहीये, याचा अर्थ तुम्ही फार जवळ आहात आणि आत पिल्लं उपाशी आहेत. मागे व्हा, लगेच. बिळासमोरची पानं-फांद्या छाटायच्या नाहीत, त्यांच्यामुळेच सापापासून, शिकाऱ्यापासून ते लपलेलं असतं, मोबाईलवर आवाज वाजवायचा नाही, रात्री बेडूकमुख्याच्या तोंडावर फ्लॅश मारायचा नाही. एका फोटोपायी एक घरटं उठावं असा कुठलाच फोटो नाही. अभयारण्यात तर प्राण्या-पक्ष्यांना त्रास देणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हाच आहे.

तापलेल्या हवेचं आता बघू, कारण हे जास्त करून मोकळ्या जागी होतं आणि तिथे उजेड भरपूर असल्यामुळे लोकांना कारणच कळत नाही. मोरजीच्या वाळूवर कुरव आणि सुरय बसलेले असतात, मिठागरात, खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात) चिखलपक्षी असतात, सड्यावर (कातळाच्या पठारावर) टिटवी, चंडोल. नऊ-साडेनऊनंतर वाळू, कातळ तापतो, वरची हवा थरथरायला लागते आणि साठ-सत्तर मीटरवरचा पक्षी जणू पाण्याखालून काढल्यासारखा येतो. यावर शटर चालत नाही, ट्रायपॉड चालत नाही, टेलिकन्व्हर्टर (पक्षी आणखी मोठा दाखवणारी जोड-लेन्स) लावला तर थरथर पण तेवढीच मोठी होते. सुपरझूम कॅमेरे तीन हजार एमएमपर्यंत जातात, तिकडे तर दुपारी सगळे फोटो वाया जाणार हे धरूनच चाला. एकच उपाय, तुमच्यातली आणि पक्ष्यातली हवा कमी करा, म्हणजे लवकर जा आणि जवळ जा. गाडीतून काढत असाल तर इंजिन आणि एसी बंद करा, काच पूर्ण खाली घ्या आणि पाच-दहा मिनिटं थांबा, आतली गार आणि बाहेरची गरम हवा खिडकीतच मिसळत असते, शिवाय बॉनेटवरून वाफा येतात त्या वेगळ्या. लेन्स उन्हात तापली असेल तर हूडच्या (लेन्सच्या तोंडाला लावायच्या सावलीच्या नळीच्या) आतली हवासुद्धा थरथरते, अशा वेळी हूड काढून एकदा बघा.

जवळ जा म्हटलं की लोक सरळ चालत सुटतात, पक्षी उडतो. अंतराचा हिशोब एकदा समजून घ्या म्हणजे मी एवढा का मागे लागतोय ते कळेल. दहा सेंटिमीटरचा शिंजीर पंधरा मीटरवर असेल तर पाचशे एमएम लेन्सने तो सेन्सरवर जेमतेम सव्वातीन मिलिमीटरचा पडतो, चोवीस मेगापिक्सेलच्या क्रॉप कॅमेऱ्यात तो साडेआठशे पिक्सेल लांब. त्यात पिसं कुठून दिसणार? अंतर निम्मं केलं की फोटोत पक्षी दुप्पट लांबीचा आणि दुप्पट उंचीचा, म्हणजे पिक्सेल चौपट. खाजनात बांधाच्या आडोशाने, वाकून, सरळ पक्ष्याकडे न जाता तिरकं तिरकं चालत, मध्ये थांबत जा, आणि त्याने खाणं थांबवून मान उंच केली की तुम्हीही थांबा. त्याहून चांगलं म्हणजे भरतीचं वेळापत्रक बघून मानशीजवळ (बांधातल्या पाण्याच्या दाराजवळ) आधीच जाऊन बसा. ओहोटी संपून पाणी चढायला लागलं की चिखलावरचे पक्षी पाण्याच्या पुढे पुढे सरकत आपणहून कडेला येतात, तुम्हाला काही करावं लागत नाही. मातकट रंगाचे कपडे, फोन सायलेंट, गप्पा बंद.

चोडणला सलीम अली अभयारण्यात होडीतून फिरताना एक वेगळी भानगड असते, इंजिनची थरथर. होडीच्या काठावर कोपर टेकवलं की ती थरथर सरळ कॅमेऱ्यात जाते. होडीवाल्याला विनंती करा, इंजिन बंद करून होडी वाहू द्या म्हणावं, बहुतेक जण ऐकतात, कोपर अंगाला चिकटवून धरा आणि शटर १/१६०० च्या खाली जाऊ देऊ नका. खारफुटीत उजेड-सावलीचे ठिपके असतात तिथे ऑटो आयएसओ खूप कामाला येतो.

फोकसबद्दल थोडक्यात. पाचशे एमएम, एफ ६.३, पाच मीटरवर पक्षी, फुल फ्रेमवर शार्प पट्टा फक्त चारेक सेंटिमीटर असतो, त्यामुळे छातीवर फोकस घेतला तर डोळा जाऊ शकतो. मिररलेस कॅमेऱ्यातलं बर्ड डिटेक्शन (पक्षी आपोआप ओळखून फोकस घेणं) मोकळ्यावर भारी चालतं पण झुडपात ते पुढच्या पानाला धरून बसतं, तिथे एकच छोटा पॉइंट घ्या आणि डोळ्यावर ठेवा. लेन्सवर फोकस लिमिटर (फोकस किती अंतरापासून शोधायचा ते मर्यादित करणारं बटण) असेल तर लांबच्या पक्ष्यांना तो चालू करा, नाहीतर लेन्स पुढे-मागे शोधत बसते आणि तोवर पक्षी गेलेला असतो. चार-पाच सलग फोटोंचा छोटा बर्स्ट घ्या, त्यातला एक तरी नीट येतो.

एवढं सगळं करूनही शंका असेल तर घरी चाचणी करा. पुढचा यूव्ही फिल्टर असेल तर काढा, स्वस्तातला फिल्टर लांब लेन्सवर भरपूर सॉफ्टनेस आणतो, काही जणांचा प्रश्न इथेच सुटलाय. समुद्रावरून आला असाल तर खाऱ्या वाऱ्याचा थर पण काचेवर असतो, तो आधी ब्लोअर मारून मग लेन्स क्लीनरने पुसून घ्या. आता सकाळी ऊन तापायच्या आधी वर्तमानपत्राचं पान भिंतीला सपाट लावा, दहा मीटरवर कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदाचा टायमर, आणि फोकस प्रत्येक वेळी नव्याने घेत काही फोटो काढा. मग लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघत) झूम करून हाताने फोकस लावून परत काढा. दोन्ही शार्प आले तर लेन्स ठणठणीत आहे. हाताने लावलेला शार्प आणि ऑटोफोकसचा सारखा एकाच बाजूला चुकतोय, आणि कॅमेरा डीएसएलआर (आत आरसा असलेला) आहे, तर बऱ्याच मॉडेलांच्या मेनूत एएफ फाइन ट्यून (ऑटोफोकसची बारीक दुरुस्ती) असतं, त्यात एक-दोन आकडे पुढे-मागे करून बघा. हाताने लावूनही सॉफ्ट, किंवा फोटोची एक बाजू शार्प आणि दुसरी धूसर, तर मात्र आतली काच सरकलेली असू शकते. अशी लेन्स सर्व्हिस सेंटरला नेताना वर्तमानपत्राचे ते फोटो, मूळ फाइली, पेन ड्राइव्हवर सोबत न्या. नुसतं पक्षी सॉफ्ट येतात म्हणून सांगितलं तर साफ करून परत देतात.